सरळ केलेलं बोट

१४ जानेवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार धरून चाल. तू माझा नंबर बंद केलास, म्हणून कागदावर आलोय. कागद बंद करता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडायच्या आधी हे एवढं वाच.

इथे शेडमध्ये ओळीने शिलाई मशिनी लावल्यात. लोक शिवत बसतात आणि मी पाना-पेचकस खिशात घालून मधल्या बोळातून फिरतो. एखाद्या मशीनवर लाल दिवा लागला की तिकडे पळायचं. बसायचं काम नाही, म्हणून तर टिकलोय. आपल्या भाषेची पोरं इथे बरीच आहेत, तेव्हा कंपनीने आपल्या भाषेतलं एक पुस्तक मागवलं. फोरमनने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "नुसता हात चालवतोस, जरा शास्त्र पण शीक. ट्रेनिंगच्या संस्थेचं पुस्तक आहे, ऐरंगैरं नाही."

'शिलाई मशीन : निगा व दुरुस्ती.' तुझ्या संस्थेचं.

मी वाचायला किती मठ्ठ ते तुला माहीत आहे. अक्षराखाली बोट सरकवत जातो. पण हे पुस्तक मला भराभर वाचता यायला लागलं. वाटलं, चला, आलं आपल्याला वाचायला. चार पानं गेल्यावर कळलं, मी वाचत नव्हतोच. मला ते पाठ होतं.

आई म्हणाली होती, 'मशीन रुसली तर लगेच उघडू नका, चाक हाताने हळू फिरवा आणि ऐका.' तुझ्यासमोर म्हणाली होती, मी रेकॉर्ड करायला फोन पुढे धरला होता. पुस्तकात ते असं झालंय : 'यंत्र कार्य करीत नसल्यास प्रथम ध्वनीचे निरीक्षण करावे.' आवाज बघायचा कसा, ते दिलेलं नाही. पण पुढच्याच पानावर एक वाक्य बदलायचं राहून गेलं. 'गुंता खाली दिसतो, चूक वर असते.' कापडाखाली दोऱ्याचा गोळा झाला की जो तो खालच्या बॉबिनला शिव्या देतो, आणि खोट असते वरचा दोरा नीट न ओवल्याची. हे वाक्य दुसरं कोणी म्हणूच शकत नाही. आई तर ते भांडणातसुद्धा म्हणते.

मग मी पुस्तक उलटंपालटं केलं. आपलं सगळं ज्या साइटवर आहे त्या 'मशीनघर'चं नाव शोधलं. नाही. आईचं बोलणं ऐकून टाइप करणारा तेलकट, प्रत्येक उपाय आधी स्वतःच्या मशीनवर करून बघणारी उलटा टाका, आमचं शुद्धलेखन धुऊन वाळत घालणाऱ्या रिटायर हेडबाई. कोणाचं नाव नाही. साइटवर आईचं नाव कानवाली आणि माझं भिंगरी. तीही नाहीत. पहिल्या पानावर आहे 'सर्व हक्क सुरक्षित', आणि त्याच्या वर 'संकलन व चित्रे' लिहून तुझं पूर्ण नाव.

चित्रं तुझीच आहेत, ते खोटं नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काढलीस, मी शेजारी पेन्सिलींना टोकं करत होतो. बॉबिनची डबी बाहेर काढणारा हात आहे ना, तो आईचा. तिची तर्जनी पेरापासून वाकडी. लहानपणी सुई आरपार गेली तेव्हा वाकली ती वाकलीच. त्याच बोटाचा आकडा करून ती डबी ओढते. ते तू काढलंस तेव्हा आई सारखी हलत होती आणि तू तिच्यावर वैतागला होतास. पुस्तकात तोच हात आहे. तीच आखूड नखं, मनगटावरचा तोच तीळ.

आणि बोट सरळ.

दादा, बोट का सरळ केलंस?

मला एवढंच पाहिजे की पुढच्या छपाईत सगळ्यांची नावं यावीत. महिना संपेपर्यंत तुझी वाट बघतो, मग तुझ्या संस्थेला लिहितो. पाठीमागून वार करायचा असता तर आधी तुला कळवलं नसतं. तू तिथे लावून दिलेला कोर्स मी आठवडाभरात सोडून पळालो, साहेबांसमोर तुला खाली बघावं लागलं, म्हणून तू बोलणं टाकलंस. ते वेगळं भांडण आहे. वर्गात मला बसवत नाही, उद्या पुन्हा बसवलंस तर पुन्हा पळेन. ते यात मिसळू नकोस.

भिंगरी

३१ जानेवारी

दादा,

उत्तर नाही आलं. ठीक आहे. लिहिलंय त्यांना.

पण आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे तुला जरा बरं वाटेल. मी हेडबाईंना फोन लावला आणि म्हटलं, "बाई, चोरी झाली. वकील बघायचा."

"चोरी कशाची?"

"आपल्या मजकुराची. छापून विकतायत ते."

"मग विकू देत की."

मला वाटलं, बाईंना ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओरडू नकोस, कान शाबूत आहेत माझे. अरे, आपणच ते ओट्यावर मांडून ठेवलंय ना? मुक्त परवाना म्हणजे तुला काय वाटलं होतं? घ्या, छापा, बदला, विकासुद्धा. अट एवढीच, कोणाचं आहे ते लिहा, काय बदललंत ते सांगा, आणि पुढच्या माणसालाही तितकंच मोकळं ठेवा. त्यांनी घेतलं याचा मला आनंद आहे. घेऊन नावं पुसली आणि वर कुलूप घातलं, राग त्याचा यायला पाहिजे. रागवायचंय तर नेमकं रागव."

'चोरी' हा शब्द मला फार आवडला होता, तो काही सुटेना. बाईंनी सोडायला लावला.

पत्र मी बोललो, तेलकटने टाइप केलं, हेडबाईंनी त्यातल्या शिव्या काढल्या. शिव्या काढल्यावर अर्धंच उरलं. पण जे उरलं ते ठणठणीत होतं. आपल्या साइटवर 'इतिहास' म्हणून पान आहे, कोणी कधी काय लिहिलं ते तिथे आपोआप लागतं आणि कोणालाही दिसतं. त्या पानाचा पत्ता दिला. पुस्तकातलं कुठलं पान आपल्या कुठल्या पानावरून आलंय ते जोडून दिलं.

तुझं नाव लिहिलं नाही. 'आपल्या संस्थेकडून असे झाले आहे' एवढंच म्हटलं. ज्याने केलं त्याचं नाव न लिहिणं किती सोपं असतं, ते त्या दिवशी कळलं.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती फोनवर विचारत होती, "दादाला पत्र टाकलंस म्हणे. तुम्ही दोघं बोलायला लागलात की काय?" म्हटलं, मी बोलतोय, तो ऐकतोय.

भिंगरी

९ मार्च

दादा,

संस्थेचं उत्तर आलं. सोबत नव्या छपाईचं पहिलं पान. तू पाहिलं असशीलच, तुझ्याच टेबलावरून गेलं असणार. खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवलीय.

'सौजन्य : इंटरनेट.'

मी ती ओळ जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवली. इथला इस्त्रीवाला म्हणाला, "चांगला माणूस दिसतो हा इंटरनेट. सगळ्या पेपरांत याचं नाव येतं, आणि कधी मिरवत नाही."

पत्राखाली संपादक बाईंचा नंबर होता, तो फिरवला. त्या आधी जरा ताठच होत्या.

"हे पाहा, आम्ही ऋणनिर्देश केलेला आहे."

"कोणाचा?"

"तिथे छापलंय ना. इंटरनेटचा."

"बाई, आमच्यात इंटरनेट नावाचं कोणी नाही. असता तर माझ्या ओळखीचा असता."

मग त्या हसल्या. मनाने वाईट नाहीत त्या, कामाखाली दबलेल्या आहेत. म्हणाल्या, नावं सांगा, लिहून घेते. मी सांगायला लागलो.

"एक मिनिट. कानवाली?"

"हो."

"तेलकट?"

"हो. पुढे घ्या, उलटा टाका."

"अहो, हे प्रशिक्षणाचं पुस्तक आहे. लोक हसतील."

"हसू देत. हसलेलं लक्षात राहतं."

"खरी नावं द्या ना. ओळखपत्रावर असतात ती."

"ज्याने ज्या नावाने दिलंय, त्याच नावाने लिहायचं असतं." हे वाक्य हेडबाईंनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. कोर्समध्ये एवढं घोकलं असतं तर आज तुझ्या शेजारी खुर्चीत असतो.

"वरिष्ठांशी बोलते," म्हणाल्या. म्हणजे गुंता खाली दिसला, आता दोरा वर चाललाय.

मग आईला सांगणं भाग पडलं. विचारलं, "छापायचं झालं तर कागदावरचं नाव देऊ का तुझं?" ती म्हणाली, "ते नाव दवाखान्यात पुकारतात तेव्हा मीच इकडेतिकडे बघते, कोणाला बोलावतायत म्हणून. कानवाली लिही. ते मी कमावलंय." आणि विचारलं, "पण छापायचं कशात?"

म्हटलं, पुस्तक आहे, दादाच्या संस्थेचं. पुढचं तुला माहीत असेल, तुझ्याच घरात झालं. वहिनीने तुझ्या कपाटातून पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि म्हणाली, "सासूबाई, हा तर तुमचा हात." आईने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"हात माझा आहे," म्हणाली. "बोट कोणाचं?"

मला तिने तेच फोनवर विचारलं. मी म्हटलं, छपाईच्या वेळी संस्थेतल्या कोणा चित्रकाराने केलं असेल. ती म्हणाली, "त्या चित्रकाराला सांग, सरळ बोटाने डबी निघत नाही." तूप पण नाही निघत, मी म्हटलं. तिला हसू आलं नाही.

कोणत्या चित्रकाराने ते मी सांगितलं नाही. ते तुझ्यासाठी ठेवलंय.

भिंगरी

२० एप्रिल

दादा,

इकडे आमच्यातच जुंपली होती. ते सांगतो, कारण ते तुझ्यापर्यंत येऊन थांबलंय.

संस्थेकडून पुन्हा चिडीचूप झालं. तेलकटचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "सगळं जाहीर टाकू. दोन्ही पानं शेजारी लावू, संस्थेचं नाव, त्या संकलकाचं नाव, फोटो. बघू मग कसे गप्प बसतात." संकलक माझा भाऊ आहे हे त्याला माहीत नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, भाऊ म्हणून वाचवतोस. मी नुसतं 'थांब' म्हणत राहिलो आणि त्याला कारण देता येईना.

त्यात उलटा टाकाने फोन केला. ती स्वतः कपडे शिवते, हातात आलेली गोष्ट करून बघितल्याशिवाय सोडत नाही. तुमच्या पुस्तकातले उपाय ती एकेक करून बघत होती, चुका काढायला. म्हणाली, "भिंगरी, एक वाईट बातमी आहे. सुईच्या पानावर त्यांचं बरोबर आहे. आपलं चुकलंय."

आपल्या साइटवर होतं, 'सुईची चपटी बाजू नेहमी उजवीकडे ठेवा.' ती ओळ माझी. मी दोन मशिनींवर बघितलं आणि 'नेहमी' ठोकून दिलं. तुमच्या पुस्तकात आहे : 'दोरा ज्या बाजूने ओवायचा, त्याच्या विरुद्ध बाजूला सुईची चपटी बाजू ठेवावी. मशीनप्रमाणे ही बाजू बदलते.' मी शेडमध्ये फिरून वेगवेगळ्या मशिनींवर बघितलं. सगळीकडे तसंच. माझी ओळ वाचून कोणाकोणाचा दोरा तुटला असेल, देव जाणे.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी आपलं घेऊन सुधारलं. मग ते सुधारलेलं आपण घ्यायला पाहिजे. आणि घेतलं तर त्यांचं नाव लिहायला पाहिजे. अट तर अट, ती काय एका बाजूची असते?

हे बोललो तर तेलकट भडकला. "ज्याने नाव पुसलं त्याच्या गळ्यात हार घालतोस?"

"हार नाही. नाव."

"आधी त्यांना लिहू दे."

"आधी आपण लिहू. मग त्यांना सांगता येईल, असं लिहितात."

हेडबाईंनी वाद तिथेच मिटवला. म्हणाल्या, "तेलकट, टाइप कर."

आता नाव काय टाकायचं? नुसतं संस्थेचं टाकलं तर आपणही 'सौजन्य : इंटरनेट' केल्यासारखंच. मी संपादक बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तुमच्या नावांचं अजून वर अडकलंय हो."

"त्यासाठी नाही केला. सुईचं पान तुमच्याकडे कोणी दुरुस्त केलं? आमच्या साइटवर त्याचं नाव लिहायचंय."

"कशाबद्दल?"

"आमची चूक होती. त्याने पकडली."

मग म्हणाल्या, शोधून सांगते. चार दिवसांनी त्यांचाच फोन. तुमच्या वर्कशॉपमधले काका. छपाईआधी पानं चाळायला दिली होती तेव्हा त्यांनी पेन्सिलीने सुधारलं होतं. बाई म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलं, तुमचं नाव लिहायचं म्हणतायत. ते म्हणाले, एवढी वर्षं इथे आहे, कोणी विचारलं नाही. कुठे लिहितायत, मला दाखवा." मग म्हणाल्या, "आमच्या पुस्तकातही त्यांचं नाव नाही. माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

त्यांना कुठलं नाव पाहिजे तेही बाईंनी विचारून ठेवलं होतं. 'वर्कशॉपवाले काका'. ओळखपत्रावरचं नको म्हणाले.

आता आपल्या सुईच्या पानावर, सगळ्यांत खाली, त्यांचं नाव आहे. जा आणि बघ. तुझी वाट बंद करत नाहीये मी, रुंद करतोय. पण चालावं तुलाच लागेल.

भिंगरी

१८ मे

दादा,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या महिन्यांनी चार ओळी, त्याही पट्टी ठेवून लिहिल्यासारख्या. मी ते उभ्याउभ्याच वाचलं.

तू लिहिलंस, त्या पुस्तकावर तुझी नोकरी पक्की झाली. मुलाखतीत विचारलं, सगळं तुम्हीच केलंत का, आणि तू मान हलवलीस. आता नावं छापली तर तू खोटा ठरशील. मागे घे, असं लिहिलंस.

आणि बोटाचं लिहिलंस. साहेबांनी चित्रावर टिचकी मारून विचारलं, हे बोट असं काय, चित्र चुकलंय का. तुला 'माझ्या आईचं बोट असंच आहे' म्हणता आलं नाही. 'हो, सुधारतो' म्हणालास.

हे वाचून पत्र खिशात घातलं आणि एक मशीन उघडून बसलो. साधा स्क्रू, तो पकडीत येईना. शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय रे, आज हात कोणाचे आणलेस?"

मला तुझ्यावर रागवायचं होतं. जानेवारीपासून राग जपून ठेवला होता, घडी घालून. पण मुलाखतीतली ती खोली मला दिसली. मी तसल्याच खोलीतून पळालो होतो. तुला पळता आलं नाही, तू मान हलवलीस. आपण दोघंही तिथे घाबरलोच की.

पण मागे घेणार नाही.

माझं एकट्याचं असतं तर घेतलं असतं, आईशप्पथ. पण भानगड तीच आहे, ते माझं एकट्याचं नाही. तेलकटचं मी कसं मागे घेऊ? उलटा टाकाने ज्या सुया मोडल्या त्या कशा मागे घेऊ? आईचा कान मी कोणाला दान करू?

आणि एक गोष्ट तू विसरलास. इतिहासाचं पान उघड आणि अगदी तळाला जा. पहिली नोंद काय आहे? 'चित्र जोडले. फूटपट्टी.' आमच्यातल्या कोणी एक शब्द टाकायच्या आधीची. हे नाव मीच ठेवलं होतं तुला, कारण तू चादरीची घडीसुद्धा काठाला काठ लावून घालायचास. दादा, तुझं नाव पुसा असं कोणी म्हणतच नाहीये. चित्रं तू काढलीस, निवड तू केलीस, सगळं एका पुस्तकात तू बसवलंस. ते सगळं छापून येऊ दे. फक्त तुझ्या नावाला एकटं उभं करू नकोस. एकट्याने ते ओझं उचलवत नाहीये, तुझ्या चार ओळींत दिसतंय.

संपादक बाईंनी मला विचारलंय, बाकी सगळे कळले, हा फूटपट्टी कोण? मी म्हटलं, त्याला विचारून सांगतो. तिसरी छपाई जूनमध्ये आहे. ती यंत्रावर चढायच्या आधी मी सांगणार. तेव्हा त्याआधी तू जा. बाईंच्या टेबलापर्यंत तुला किती लांब आहे, मधे एक दार असेल. मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तू सांगितलंस तर दुरुस्ती.

तू 'खोटा ठरेन' लिहिलंस. वर्कशॉपवाल्या काकांनी माझी चूक काढली तेव्हा मीही खोटाच ठरलो. 'नेहमी' खोडलं, खाली त्यांचं नाव लिहिलं आणि जेवायला गेलो. माझी नोकरी नव्हती पणाला, मान्य. तुझं कठीण आहे. ते सोपं आहे असं मी म्हणत नाही. ते तुलाच करायचंय, एवढंच म्हणतो.

आईला अजून सांगितलं नाही. ती रोज विचारते, त्या चित्रकाराचं काय झालं.

भिंगरी

२ जुलै

दादा,

काल नवी पुस्तकं आली. फोरमनने खोका फोडला, एक प्रत उघडली आणि पहिल्या पानावर अडकला. मोठ्याने वाचायला लागला :

'या पुस्तकातील मजकूर व चित्रे मशीनघर या मुक्त संकेतस्थळावरून घेतली आहेत. लेखन, चित्रे व दुरुस्त्या, वर्णक्रमाने : उलटा टाका, कानवाली, तेलकट, फूटपट्टी, भिंगरी, वर्कशॉपवाले काका, हेडबाई आणि इतर. हे पुस्तक त्याच परवान्याने कोणालाही घेता, बदलता व छापता येईल. आम्ही केलेले बदल : भाषा औपचारिक केली आहे. सुईचे पान दुरुस्त केले आहे. बॉबिनच्या चित्रातील बोट सरळ केले आहे. मूळ बोट वाकडे आहे.'

"भिंगरी?" फोरमन म्हणाला. "हा कोण आता?"

इस्त्रीवाल्याने माझ्याकडे बोट केलं.

"तू? मग मी तुला हे शिकायला दिलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"शास्त्र शिकत होतो," म्हटलं.

त्याने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, आणि विचारलं, ध्वनीचं निरीक्षण म्हणजे नक्की काय करायचं असतं. ते वाक्य तेवढं पुढच्या छपाईत बघा. परवान्यात चालतं, पण माणसाला कळत नाही.

'सर्व हक्क सुरक्षित' गेलंय. 'संकलन' म्हणून तुझं पूर्ण नाव आहे आणि 'चित्रे' तिथून काढून फूटपट्टीला दिलीयत. हे कोणी सुचवलं ते बाईंनी फोनवर सांगितलं. तू त्यांच्या टेबलापाशी गेलास, बसा म्हटलं तरी बसला नाहीस, आणि पहिलं वाक्य म्हणालास, "ते बोट माझ्या आईचं आहे."

बाकी मला आईकडून कळलं. साहेबांनी तुला बोलावून घेतलं, नोकरी राहिली, पण पुढचं पुस्तक तुझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. घरी येऊन तू जेवला नाहीस. याचं मला वाईट वाटतं. 'सुटलास एकदाचा' असं खोटं लिहिणार नाही, तुला ते पुस्तक करायचं होतं हे मला माहीत आहे. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन, हेही तुला माहीत असू दे.

वहिनीने आईला ती ओळ वाचून दाखवली. आईने शेवटचा भाग परत वाचायला लावला, मूळ बोट वाकडे आहे. मग स्वतःचं बोट चित्रावर ठेवून बघितलं आणि म्हणाली, "हं. कोणी लिहिलं हे?" वहिनीने तुझ्याकडे बघितलं. तू म्हणे पाणी प्यायला उठलास. आई तुझ्या पाठीकडे बघून म्हणाली, "त्या चित्रकाराला सांगा, हात परत काढायचा असेल तर या वेळी मी हलणार नाही."

तेलकटला मी आता सांगितलं, फूटपट्टी माझा भाऊ. त्याने सगळी चित्रं पुन्हा उघडून बघितली. मग म्हणाला, "चित्रं चांगली काढतो." त्याच्याकडून हे म्हणजे पुष्कळ झालं. साइटवर कात्रीला धार लावायचं पान नवीन सुरू केलंय. मजकूर तयार आहे, चित्रांची जागा रिकामी ठेवलीय. पान सर्वांना मोकळं आहे, कोणाची परवानगी लागत नाही. तुझीही नाही, माझीही नाही.

ती यादी मी कालपासून बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचतोय. फ-नंतर ब येतो, पण ब-चं आपल्यात कोणी नाही, लगेच भ. फूटपट्टी, भिंगरी. छापताना कोणी मुद्दाम केलेलं नाही, तो क्रमच तसा आहे. पण आपण दोघं एकमेकांना लागून आलोय, मधे फक्त एक स्वल्पविराम.

भिंगरी